बिडाच्या तव्यावर पुन्हा पुन्हा गंज, चिकटपणा आणि पापुद्रे: दोष कुठे शोधायचा

तवा घासला, गंज काढला, तेल लावलं, तापवला. चार दिवसांनी पाहिलं तर कडेला परत तांबूस ठिपके. पुन्हा घासला, या वेळी तेल जरा जास्त लावलं. आता गंज नाही, पण हात लावला की बोट चिकटतं. तिसऱ्या खेपेला तवा तासभर मोठ्या आचेवर ठेवला, तर महिन्याभरात मधोमध काळे पापुद्रे सुटायला लागले. इथवर आल्यावर बहुतेक जण तवा माळ्यावर टाकतात. या टप्प्यावर पोहोचलेली बरीच बिडाची भांडी माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांतली दोन-तीनच खरोखर टाकून द्यायच्या लायकीची होती. बाकी सगळी आज चुलीवर आहेत.

गंज परत येणं, चिकटपणा आणि पापुद्रे ही वेगवेगळी दुखणी वाटतात, म्हणून माणूस प्रत्येकावर वेगळा उपाय करत बसतो. पण जवळजवळ प्रत्येक वेळी चूक दोनच ठिकाणी सापडते: तेल लावण्याआधी, म्हणजे धातू पुरता साफ आणि कोरडा नसताना, किंवा तेल लावल्यावर, म्हणजे ते पुरतं पुसलेलं नसताना. भट्टीत किंवा गॅसवर जे होतं ते त्याचं फळ असतं.

तेलाचा थर आणि तेलापासून झालेला थर

सीझनिंग म्हणजे भांड्याला तेल लावून ठेवणं नव्हे. तेल गंजाला थोडे दिवस थोपवतं इतकंच. असंतृप्त स्निग्धाम्लं असलेलं तेल पातळ थरात, हवेच्या संपर्कात, पुरेशा उष्णतेत राहिलं की त्याचे रेणू ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांना जोडले जातात आणि एक टणक, कोरडं जाळं तयार होतं. भांड्यावरचा हा थर म्हणजे सीझनिंग. रंगकामातलं जवसाचं तेल उघड्यावर सुकून कडक होतं तीच ही क्रिया, फक्त उष्णतेने वेगात घडवलेली. हा थर साबणाने विरघळत नाही, बोटाला लागत नाही. बोटाला लागत असेल तर ते अजून तेलच आहे, किंवा अर्धवट जोडलेलं काहीतरी आहे.

कुठलं तेल घ्यायचं याचं उत्तरही यातच आहे. तेलात असंतृप्तपणा किती, हे आयोडीन मूल्यावरून कळतं. जवसाचं साधारण 170 ते 200, सोयाबीनचं 120 ते 139, खोबरेल तेलाचं जेमतेम 6 ते 11. खोबरेल लावून तवा कितीही तापवला तरी थर नीट का धरत नाही, ते यावरून कळेल. मग सर्वांत वरचं जवसाचं तेलच का घेऊ नये? मी घेतलं होतं. सहा थर दिले, आरशासारखी चकाकी आली, आणि दोन महिन्यांत तो थर काचेसारखा तडकून सुटला. जवसाचा थर कडक होतो, पण ठिसूळही होतो. तवा तापला-निवला की फुगतो-आकसतो, आणि त्या हालचालीबरोबर हा थर वाकत नाही. साधं रिफाइंड सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल यात मधलं आहे. धरतंही, टिकतंही. ती 230 अंश सेल्सियसच्या आसपास धुरायला लागतात, त्यामुळे तापमानाचा अंदाजही सोपा पडतो.

जवसाचं तेल वापरलंच तर त्याचं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल हवेत सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेल्या कापडात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. फडकं पाण्यात भिजवून, उघडं पसरून वाळवा.

हात घालण्याआधी

भांडं दोरीला टांगून किंवा बोटावर तोलून चमच्याने हलकेच वाजवा. धड बीड खणखणीत वाजतं. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असं समजा आणि उजेडात कडा, दांड्याचा जोड आणि तळ नीट पाहा. कीट चढलेलं असेल तर आवाज तसाही दबतो, म्हणून साफ केल्यावर पुन्हा वाजवून बघा. तडा गेलेलं भांडं घरी दुरुस्त होत नाही, आणि तापल्यावर तडा वाढत जातो. खड्डे मात्र दोष नाहीत. गंजाने पडलेले बारीक खड्डे थराखाली झाकले जातात.

तळ वाकला आहे का, ते सपाट फरशीवर ठेवून पाहा. गॅसच्या बर्नरवर थोडा डुगडुगणारा तवा चालून जातो. सपाट काचेच्या शेगडीवर किंवा इंडक्शनवर मात्र तो त्रास देतो.

जुनं भांडं कुठून आलं हे माहीत नसेल तर एक शंका मनात ठेवा. बिडाच्या जुन्या भांड्यांत काही जण शिसं वितळवत असत. तसा संशय असेल, म्हणजे तळाशी राखाडी मऊ धातूचे थेंब चिकटलेले दिसत असतील, तर शिशाच्या चाचणीशिवाय त्यात शिजवू नका आणि घासूनही धूळ उडवू नका. आणि आतून-बाहेरून काचेसारखा रंगीत लेप असलेलं, म्हणजे इनॅमलचं भांडं असेल तर यापुढचं काहीच त्याला लागू नाही.

गंज परत येतोय

गंज नेमका कधी परत येतो, ते आधी पाहा. त्यावरून कारण कळतं.

धुतल्यावर दहा मिनिटांत तांबूस झाक येत असेल तर घाबरू नका. घासून उघड्या केलेल्या बिडावर पाणी राहिलं की डोळ्यांदेखत गंजाची पातळ झाक येते. भांडं बिघडल्याचं ते लक्षण नाही. फक्त वाळवण्यात उशीर झालेला असतो. धुतल्याबरोबर फडक्याने पुसा आणि लगेच मंद आचेवर ठेवा. निथळत ठेवणं नाही, उन्हात ठेवणंही नाही. थेट आच. पाच-सात मिनिटांत वाफ पूर्ण थांबते. तोवर आलेली झाक तेलाच्या फडक्याने पुसली की निघून जाते.

चार-आठ दिवसांनी ठरावीक जागीच ठिपके येत असतील तर तिथल्या खड्ड्यात जुना गंज उरलेला आहे. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. वरून कितीही थर दिले तरी तो खालून फुगतो आणि थराला उचलतो. अशा जागी नुसती घासणी पुरत नाही. गंज पृष्ठभागावरचाच असेल तर तारेची घासणी आणि साबण पुरे. खोल असेल तर व्हिनेगर. नेहमीचं 5 टक्के आम्लाचं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, भांडं पूर्ण बुडेल असं. अर्ध्या तासाने बाहेर काढा, घासा, बघा. गरज असली तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवायचं नाही, हे ठासून सांगतो. आम्ल गंज खातं तसं लोखंडही खातं, आणि सकाळी हाती येतं ते राखाडी, खडबडीत, नव्या खड्ड्यांनी भरलेलं भांडं. बाहेर काढल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि तिथून सरळ आचेवर.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. गंज सगळीकडे, पटापट आणि दर वेळी येत असेल तर आठवून पाहा: गंज काढायला संडास-बाथरूम साफ करायचं अॅसिड वापरलं होतं का? त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज ते झटकन काढतं, म्हणून मोह होतो. पण क्लोराइड बिडाच्या छिद्रांत अडकून राहतं, हवेतली ओल ओढतं आणि गंजाला सतत चालना देतं. मिठाने घासून नीट न धुतलेल्या तव्याचंही थोड्या प्रमाणात हेच होतं. यावर उपाय म्हणजे गरम पाण्याने चार-पाच वेळा धुणं, दर वेळी पाणी बदलून, शेवटच्या खेपेला खायच्या सोड्याचं पाणी, आणि मगच वाळवणं. माझ्याकडे आलेली एक कढई तीन वेळा सीझन करूनही गंजत होती. शेवटी ती दिवसभर गरम पाण्यात बुडवून ठेवली, दर तासाला पाणी बदललं, आणि त्यानंतर ती थांबली.

झाकण असलेल्या भांड्यात फक्त झाकणाच्या आतल्या कडेला गंज येत असेल तर भांडं नव्हे, साठवण चुकते आहे. झाकण घट्ट बसवून ठेवलं की आतली ओल अडकते. कडेवर जाड कागदाची घडी ठेवा आणि झाकण थोडं तिरकं राहू द्या.

चिकट थर

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत सोपा प्रश्न. तेल जास्त झालं, किंवा उष्णता कमी पडली. बहुतेकदा पहिलंच.

थर पातळ असला तरच ऑक्सिजन त्यातून आरपार पोहोचतो. जाड असला की वरचा भाग सुकतो, खालचा ओलाच राहतो, आणि मधासारखे तपकिरी ठिपके किंवा ओघळ गोठतात. पातळ म्हणजे किती? तेल लावून झालं की, चुकून लागलं होतं असं समजून ते सगळं पुसून काढा. दुसरं कोरडं फडकं घेऊन पुन्हा पुसा. तवा जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे, ओला चकाकता कामा नये. हातात असताना ‘आता यावर काही उरलंच नाही’ असं वाटतं. तेवढंच पुरेसं असतं. फडकं सुती, धागे न सोडणारं घ्या. टिश्यू पेपरचे तंतू थरात अडकून बसतात.

एक बारकावा: तवा थंड असताना तेल पुसलं तर ते खाचांत राहतं आणि ओव्हनमध्ये गरम झाल्यावर बाहेर येऊन थेंब धरतं. म्हणून मी तवा आधी 100 अंशांपर्यंत गरम करतो, मग तेल लावून पुसतो, पुन्हा ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवतो, बाहेर काढून परत एकदा पुसतो आणि त्यानंतरच तापमान वाढवतो. ही दुसरी पुसणी सुरू केल्यापासून माझ्याकडे चिकट थर आलेला नाही. हाताला चटका बसू नये म्हणून जाड हातमोजा घाला.

आधीच चिकट झालेला तवा वाया गेला असं नाही. पालथा घालून 230 ते 250 अंशांवर एक तास ठेवा. थोडाच चिकट असेल तर तो तेवढ्यात कडक होतो. तरीही बोट चिकटत असेल तर गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने तो भाग घासून काढा आणि नव्याने पातळ थर द्या. चिकट थरावर दुसरा थर मात्र कधीच देऊ नका. खालचा मग कायमचा अर्धवट राहतो, आणि महिन्याभराने पापुद्रा होऊन सुटतो.

पापुद्रे सुटतात

सुटलेला काळा तुकडा बोटांत चुरडून बघा. भुगा झाला तर तो बहुधा जळलेल्या अन्नाचा कोळसा आहे, सीझनिंग नाही. वर्षानुवर्षं नीट न घासलेल्या तव्यावर असं कीट साचतं आणि लोक त्यालाच जुना चांगला थर समजून जपतात. ते घासून टाकायला हरकत नाही. तुकडा पातळ, चिवट, पापडीसारखा निघाला आणि त्याखाली राखाडी धातू दिसला तर थर सुटतो आहे. म्हणजे तो जाड होता, किंवा खाली गंज अथवा चिकट थर होता.

एक-दोन जागी सुटत असेल तर तेवढाच भाग घासून, कडा गुळगुळीत करून पुढे वापरत राहा. सगळीकडे सुटत असेल तर पूर्ण उतरवणं बरं. जुना थर आणि कीट काढायला सर्वांत चांगलं काम करतो तो कॉस्टिक सोडा. तो जळकं तेल साबणात बदलून सैल करतो आणि लोखंडाला धक्का लावत नाही, म्हणून व्हिनेगरसारखी वेळेची घाई नसते. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत 20 लिटर गार पाणी, त्यात हळूहळू 450 ग्रॅम सोडा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. एकदम उष्णता निर्माण होऊन ते अंगावर उडतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय हे करू नका, आणि घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर बादली कुलपाआड राहिली पाहिजे. अॅल्युमिनियमचं काहीही त्यात जाऊ देऊ नका. सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. लाकडी दांडा असेल तर आधी काढा. दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत, कीट किती त्यावर. अधूनमधून काढून घासा आणि परत बुडवा.

सोड्याने गंज जात नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून क्रम असा: आधी सोड्याने कीट, भरपूर पाण्याने धुणं, मग गंज उरला असेल तर व्हिनेगर. उलट केलं तर आम्ल कीटाखालच्या गंजापर्यंत पोहोचतच नाही. आणि दोन्ही एकत्र कधीच करू नका.

व्हिनेगर नको असेल तर विजेच्या साहाय्यानेही गंज काढता येतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भांडं 12 व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला, साधा लोखंडी तुकडा धन टोकाला. तुकडा स्टेनलेस स्टीलचा असता कामा नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे मोकळ्या हवेतच करायचं, कारण हायड्रोजन सुटतो. वीजजोडणीचा हात नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. त्याच्याशिवायही काम भागतं.

भांडं निखाऱ्यात किंवा पेटत्या शेकोटीत टाकून ‘जाळून साफ’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तळमळीने सांगतो, हे करू नका. कीट जळतं हे खरं. पण असमान आणि प्रचंड उष्णतेने तळ वाकतो, तडा जातो, आणि कधी कधी पृष्ठभाग लालसर, भाजल्यासारखा होतो. तशा पृष्ठभागावर पुढे थर नीट धरतच नाही. माझ्या हातून गेलेली जी दोन-तीन भांडी परत आणता आली नाहीत, त्यांतली दोन आगीतली होती.

नवा थर

भांडं साफ, कोरडं, गरम. तेल लावलं, दोनदा पुसलं. आता ओव्हनमध्ये पालथं, 230 ते 250 अंशांवर एक तास, खालच्या जाळीवर एक ताट, खिडक्या उघड्या. तासानंतर ओव्हन बंद करून भांडं आतच निवू द्या. असं तीन ते चार वेळा. पहिल्या खेपेला रंग तांबूस-तपकिरी आणि डागाळलेला दिसतो. तो तसाच असतो, त्यावर जादा तेलाचा उपाय करू नका. काळा रंग पुढच्या थरांनी आणि वापराने येतो.

ओव्हन नसेल तर गॅसवरही होतं. दहा मिनिटं मंद आच, मग मध्यम, धूर येईपर्यंत, आणि धूर येऊन थांबेपर्यंत. तवा अधूनमधून सरकवत राहा. अडचण एवढीच की कडांना पुरेशी उष्णता मिळत नाही आणि तिथे थर चिकट राहतो, म्हणून कडांवरचं तेल आणखी काटेकोर पुसा.

थर चांगला आहे, तरी पदार्थ चिकटतो

हा दोष थराचा नसतो, आचेचा असतो. बीड उष्णता धरून ठेवतं, पण पसरवतं सावकाश. शुद्ध अॅल्युमिनियमची उष्णता वाहण्याची क्षमता त्याच्या चौपटीहून जास्त आहे. म्हणून मोठ्या आचेवर दोन मिनिटांत बर्नरच्या वरचा भाग कडकडीत तापतो आणि कडा कोमट राहतात. मंद ते मध्यम आचेवर पाच ते दहा मिनिटं द्या. पाण्याचा थेंब टाका. चुरचुरत दोन-तीन सेकंदांत उडाला तर ठीक. मण्यासारखा नाचत पळाला तर अंड्यासाठी तवा फार तापला आहे, आच कमी करा. तेल त्यानंतर. आणि पदार्थ स्वतः सुटायच्या आत उलथनं घालू नका.

नव्याने थर दिलेल्या तव्यात पहिले काही आठवडे टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असं आंबट जास्त वेळ शिजवू नका. आम्ल कोवळा थर उतरवतं आणि अन्नाला लोखंडी चव येते. थर पक्का झाल्यावर थोडा वेळ चालतं, साठवण मात्र कधीच नाही. तेलात परतायचे पदार्थ या काळात सर्वांत उपयोगी.

साबणाबद्दलची भीती सोडून द्या. पूर्वीच्या साबणांत उरलेला कॉस्टिक थर काढत असे, आजच्या भांडी घासायच्या द्रवात तो नसतो. तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवणं आणि डिशवॉशर, या दोनच गोष्टी टाळायच्या. तापलेल्या तव्यावर गार पाणीही नको, बीड ठिसूळ असतं, तडकतं.

ठेवणीतल्या तव्याला खवट वास येत असेल तर वर लावलेलं कच्चं तेल जुनं झालं आहे. साबणाने धुवा, आचेवर वाळवा, तेलाचा हात फिरवून लगेच पुसा, आणि धूर येईपर्यंत तापवून मगच ठेवा.

फडक्याने पुसल्यावर काळं लागतं म्हणून अनेक जण काळजीत पडतात. रंग पाहा. तांबूस असेल तर गंज, म्हणजे वरच्या गंजाच्या भागाकडे परत जा. काळं किंवा राखाडी असेल तर काजळी, किंवा बिडातलं ग्राफाइट. राखाडी बिडात कार्बन साधारण 2.5 ते 4 टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात राहतो. नुकत्या उघड्या केलेल्या भांड्याला पहिल्या दोन-तीन थरांपर्यंत ते फडक्याला लागतं, आणि चौथ्या-पाचव्या वापरात कमी होत जातं.